तोळा, मासा आणि फुप्फुस

आत्याच्या पाटल्या मोडायच्या होत्या. इंदूरच्या सराफ्यात रात्री जाणाऱ्यांना भुट्ट्याचा कीस आणि जलेबा आठवतो. मी गेलो दुपारी अडीचला, तिथे खरोखर सोनं विकलं जातं त्या वेळी. दुकानदाराने काचेच्या पेटीतल्या काट्यावर पाटल्या ठेवल्या, आकडा स्थिरावेपर्यंत पंखा बंद केला आणि मी काही विचारायच्या आत काट्याच्या कडेची मोहर बोटाने दाखवली. "नापतोलवाले दर साली बघून जातात, सर. मुदत उलटली की हा काटा चालत नाही." मराठी आमच्यासारखंच, मध्येच हिंदीत घसरणारं. मी चाळीस वर्षं कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकलं घेतली आहेत. मोहर दिसली की मला बरं वाटतं.

ज्या एमआरआय तपासणीसाठी त्या पाटल्या मोडल्या, तिथल्या कोट्यवधींच्या यंत्रावर अशी कोणतीच मोहर नव्हती. तेव्हापासून हा लेख डोक्यात आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: वैद्यकातलं चित्र हे चित्र असतं तोवर ते वाचणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यावर विश्वास ठेवावा. त्या चित्रातून आकडा काढून तो छापायला लागलात की तुमचं यंत्र काट्याच्या जातीचं झालं, आणि मग त्याला काट्याचेच नियम लागले पाहिजेत.

आत्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, राहते लोकमान्यनगरात. प्रकृती पहिल्यापासून तोळामासा, पण चालण्यात मला हरवणारी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायातल्या शिरेत गुठळी झाली, तिचे तुकडे फुप्फुसात गेले, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांनी गुठळी विरघळलेली असायला हवी होती. आत्याला मात्र स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत जाताना मध्ये एकदा बसावं लागे. छातीचा एक्स-रे स्वच्छ. एका ठिकाणी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, फुप्फुसाच्या धमनीतला दाब ५८ आला. दहा दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी केला, ७४. पहिल्यांनी "वयोमानानुसार" म्हटलं, दुसऱ्यांनी "झपाट्याने वाढतोय" म्हटलं. कुणीही असं म्हटलं नाही की इकोवरचा हा दाब अंदाजी असतो, हात आणि कोन बदलला की आकडा हलतो, आणि दहा दिवसांत आत्यात काहीच बदललं नसण्याचीही शक्यता आहे. माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत विद्यार्थ्याने '± किती' लिहिलं नसतं तर मी वही परत केली असती.

अशा रुग्णांत एक शक्यता फार महत्त्वाची असते. गुठळी विरघळण्याऐवजी धमनीच्या भिंतीला चिकटून घट्ट होते, पुढचा भाग रक्तावाचून राहतो आणि हृदयाची उजवी बाजू दमत जाते. हे लवकर ओळखलं तर काही रुग्णांत शस्त्रक्रियेने ती गुठळी अक्षरशः सोलून काढता येते. म्हणून प्रश्न नळीचा नसतो, नळीतून पुढे काय पोचतं याचा असतो. इंदूरकराला हे समजवायला नको. जलूदहून ७० किलोमीटर वरून नर्मदा येते, पाइप प्रत्येक गल्लीत आहे, नकाशात निळी रेघ आहे, आणि तरी आज आपल्या नळाला पाणी आहे का ते तोटी फिरवल्यावरच कळतं. एक्स-रेमध्ये तर नळातलं पाणी दिसतच नाही, आणि सीटी म्हणजे मुख्यतः पाइपचा नकाशा. तोटी फिरवून बघायची जुनी, चांगली पद्धत म्हणजे किरणोत्सारी कण शिरेत सोडून फुप्फुसात कुठे अडकतात ते बघणं. आजही या आजाराच्या पहिल्या चाळणीला तीच वापरतात. एमआरआय ही तुलनेने नवी तोटी. तिच्यात किरणोत्सर्ग नाही, आणि कण कुठे पोचले एवढंच न दाखवता रक्त किती वेगाने आलं आणि गेलं हेही ती दाखवते.

मला ते बघायला मिळालं. तिथला तरुण रेडिओलॉजिस्ट माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा. त्याने मला काचेमागे, कन्सोलजवळ बसवलं. आत्याच्या दंडाच्या शिरेत गॅडोलिनियमचं इंजेक्शन एका पंपाने दोन-तीन सेकंदांत सोडलं, मागून सलाइनचा लोंढा. गॅडोलिनियम स्वतः चित्रात दिसत नाही. इंजेक्शनात तो ज्या आयनाच्या रूपात असतो, त्यात सात सुटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या चुंबकत्वामुळे आसपासच्या पाण्यातले हायड्रोजन लवकर पूर्वपदावर येतात, आणि तेवढी जागा उजळते. "आजी, श्वास सोडा… आता धरा!" यंत्र दर सव्वा सेकंदाला सगळ्या छातीचं एक त्रिमित चित्र घेत होतं. आधी वरची महाशीर पांढरी झाली, मग हृदयाचा उजवा कप्पा, मग फुप्फुसाची धमनी फांद्याफांद्यांनी, आणि मग कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसत जावी तशी दोन्ही फुप्फुसं उजळली. उजव्या बाजूला खाली एक त्रिकोण मात्र काळाच राहिला. डावीकडे वर आणखी एक, जरा लहान. चौदाव्या सेकंदाला आत्याचा दम सुटला आणि चित्र थरथरलं. पण तोवर हवं ते दिसलं होतं.

मी सवयीने विचारलं, "किती कमी आहे?"

"रंगीत नकाशा देतो, सर. आकडा देत नाही."

मला आधी वाटलं, हा टाळतोय. त्याने सॉफ्टवेअर उघडून दाखवलं तेव्हा कळलं की आकडा बटण दाबलं की येतो, हवा तेवढा. १०० मिलिलिटर फुप्फुसातून दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जातं, प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळं. तत्त्व जुनं आहे. १८९० च्या दशकात स्ट्युअर्टने शिरेत मिठाचं पाणी सोडून, पुढे ते किती पातळ होऊन येतं यावरून रक्ताचा प्रवाह काढला होता. आज मिठाच्या जागी गॅडोलिनियम आहे, आणि शेवटी एका जागेऐवजी हजारो ठिपक्यांत मोजतात. धमनीत येणारी लाट आणि ठिपक्यात उमटलेली लाट यांची गणिती फोड केली की तीन गोष्टी मिळतात: प्रवाह, त्या जागी असलेल्या रक्ताचं आकारमान, आणि रक्त आत राहण्याचा सरासरी वेळ. आकारमानाला प्रवाहाने भागलं की वेळ. नववीच्या मुलालाही पटेल.

घोळ लाटेतच आहे. गॅडोलिनियम थोडं असताना उजेड त्याच्या प्रमाणात वाढतो. भरपूर झालं की उजेड वाढायचा थांबतो, पुढे उलट घटतो. फुप्फुसात लाट पसरून पातळ झालेली असते, तिथे हिशेब बरोबर येतो. धमनीत ती गच्च असते, म्हणून तिची उंची खरीपेक्षा कमी मोजली जाते. भागाकारात खालचा आकडा कमी पडला की उत्तर फुगतं. म्हणजे इंजेक्शनचा डोस वाढवला की चित्र देखणं होतं आणि आकडा खोटा होतो. मापात पाप म्हणतात ते असं, कुणीही दांडी न मारता घडणारं.

श्वासाचंही तसंच. छाती भरून श्वास धरला तर फुप्फुस फुगतं, तेच रक्त जास्त जागेत वाटलं जातं आणि दर १०० मिलिलिटरचा आकडा उतरतो. श्वास सोडून धरला तर चढतो. उताणं झोपलं की पाठीकडच्या भागाला रक्त जास्त मिळतं. त्यात फुप्फुस हे एमआरआयच्या दृष्टीने सगळ्यात वाईट अवयव: बहुतेक हवा, पाणी फार थोडं, आणि हवा-पेशींच्या असंख्य सीमांवर सिग्नल हजारांश सेकंदांत विरून जातो. निरोगी माणसांवर वेगवेगळ्या गटांनी काढलेले सर्वसामान्य आकडे एकमेकांपासून दुप्पट-तिप्पट लांब आहेत, याचं मला मग आश्चर्य वाटलं नाही. प्रवाह नव्हे, साध्या धमन्यांचं चित्रसुद्धा सगळीकडे सारखं येत नाही. फुप्फुसातली गुठळी कॉन्ट्रास्ट एमआरआयने सापडते का, हे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या पायोपेड-३ या बहुकेंद्री अभ्यासात (२०१०) २५ टक्के रुग्णांची चित्रं वापरण्याजोगीच निघाली नाहीत, आणि केंद्राकेंद्रांत हे प्रमाण ११ पासून ५२ टक्क्यांपर्यंत बदललं. ज्यांची चित्रं चांगली आली, त्यांत 'गुठळी आहे' म्हटलेलं जवळजवळ कधीच चुकलं नाही. तपासणी वाईट नव्हती. ती करणारे हात सारखे नव्हते.

आता कायद्याचं बघा. एक्स-रे आणि सीटी किरणोत्सर्ग करतात म्हणून अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नजरेखाली आहेत. त्यांची ठरावीक काळाने गुणवत्ता तपासणी होते, कागद भिंतीवर लागतो. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, म्हणून ते मंडळाच्या कक्षेबाहेर. २०१९ च्या अधिसूचनेने ते औषध कायद्याखालच्या उपकरणांत आलं खरं, पण तो मामला बनवण्या-विकण्याच्या परवानगीचा आहे, पाच वर्षांनी इंदुरात त्याचा आकडा सरकलाय का याचा नव्हे. वैध मापनशास्त्र कायदा, २००९ सराफाचा काटा, भाजीवाल्याची वजनं, पेट्रोल पंप सगळं बघतो. फुप्फुसातलं रक्त त्याच्या गावीही नाही. सुरक्षितता तपासायला एक खातं, व्यापार तपासायला दुसरं, आणि एमआरआयने रोग्याच्या अंगावर घेतलेलं माप बरोबर आहे का ते तपासायला कुणीच नाही. मानांकनं आहेत, पण ती ज्याला घ्यायची त्याने घ्यावी अशी.

"डॉक्टरकीत असं चालायचंच" म्हणणाऱ्यांनी पॅथॉलॉजी लॅबकडे बघावं. नीट चालणारी लॅब वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडून येणारे नमुने दर महिन्याला तपासते, उत्तर कळवते, आणि देशभरातल्या लॅबांच्या तुलनेत आपली साखर, आपलं क्रिएटिनिन किती चुकतंय ते तिला लेखी कळतं. आत्याचं क्रिएटिनिन त्या इंजेक्शनआधी तपासलं, कारण मूत्रपिंड निकामी असलेल्यांत जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियममुळे कातडी आणि सांधे आखडण्याचा भयंकर विकार होतो हे २००६ साली लक्षात आलं होतं. म्हणजे गंमत अशी की इंजेक्शन देण्याआधीचा आकडा तपासलेल्या मापाने आला, आणि इंजेक्शन देऊन जो काढायचा त्याला मापच नाही.

यावर मला माझ्याच घरात प्रतिवाद ऐकावा लागला. मुलगी म्हणाली, "बाबा, एमवायच्या सरकारी इस्पितळाच्या रांगेत लोक तारखेसाठी ताटकळतात आणि तुम्ही ± घेऊन बसलात." तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांचं कवच आहे, पण ते मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी. नुसती धाप लागते म्हणून ओपीडीत आलेल्या बाईला अशी तपासणी स्वतःच्या पाटल्यांवरच करावी लागते. तेव्हा चित्रासाठी थांबा असं मी कधीच म्हणणार नाही. काळा त्रिकोण डोळ्याला दिसतो, त्याला कॅलिब्रेशन लागत नाही. तो बघून आत्याला पुढच्या तज्ज्ञाकडे पाठवता आलं आणि वयोमानाचं पालुपद बंद झालं. नकाशे आजच द्या, जास्त द्या, सरकारी इस्पितळात द्या. माझी हरकत फक्त आकड्याला आहे, आणि ती यासाठी की आकडा इस्पितळातच राहत नाही.

तो बाहेर कुठे जातो ते आमच्या भागात कळायला वेळ लागत नाही. अलीराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी मजूर गोध्र्याकडच्या गारगोटी दळायच्या कारखान्यांत गेले आणि फुप्फुसात सिलिका घेऊन परतले. वर्षानुवर्षांच्या झगड्यानंतर २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला सांगितलं. मंदसौरच्या पाटीपेन्सिलवाल्यांनीही तीच धूळ खाल्ली, आणि भोपाळची १९८४ ची रात्र तर आमच्यापासून चार तासांवर आहे. या सगळ्यांना कधी ना कधी एका टेबलासमोर उभं राहून आपलं फुप्फुस किती गेलं ते सिद्ध करावं लागलं आहे. उद्या त्या टेबलावर फुप्फुसातल्या प्रवाहाचा आकडा आला तर? 'सर्वसामान्यापेक्षा केवळ १२ टक्के कमी' असं छापून आलं की दावा फेटाळणाऱ्या बाबूला चांगलंच सोयीचं. डोस जास्त होता म्हणून आकडा फुगला होता, हे तिथे कोण सांगणार? नकाशावरच्या काळ्या डागाशी मजूर निदान वाद घालू शकतो, बोट ठेवून म्हणू शकतो की साहेब, हे बघा. दशांश चिन्हाशी कुणी वाद घालत नाही.

आणि मोहर लावणं अवघड आहे असं कुणी म्हणू नये. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचं माप मागता येतं. फुप्फुसाचं असं माप शरीरातच आहे. हृदयाच्या उजव्या बाजूतून निघालेलं सगळं रक्त फुप्फुसातूनच जातं, दुसरी वाट नाही. तेव्हा नकाशातल्या प्रत्येक ठिपक्याचा प्रवाह मिळवत गेलं तर बेरीज धमनीच्या बुंध्यातून जाणाऱ्या रक्ताएवढी आली पाहिजे. बुंध्यातलं रक्त त्याच एमआरआय यंत्रावर, इंजेक्शनशिवाय, पाच-दहा मिनिटांत मोजता येतं. वाहत्या रक्ताचा वेग सिग्नलच्या कलेत (फेजमध्ये) उमटतो, वेगाला धमनीच्या छेदाने गुणायचं. दोन्ही आकडे एकाच रिपोर्टात शेजारी छापा, तफावत छापा, डोस आणि श्वास कसा धरला तेही छापा. बेरीज जुळली म्हणून प्रत्येक ठिपका खरा ठरत नाही, हे मलाही कळतं. पण जी बेरीज जुळतच नाही ती तरी पकडली जाईल. त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा ठरलेल्या द्रावणाच्या नळ्यांचं चित्र घ्यायचं आणि यंत्र सरकलंय का ते वहीत लिहायचं. हे सगळं सक्तीचं करणारा नियम केंद्राने करावा, आणि तो होईपर्यंत सरकारी मेडिकल कॉलेजने स्वतःपुरता सुरू करावा. इंदुरात १८७८ पासून वैद्यकीय शिक्षण आहे, सिंक्रोट्रॉन चालवणारं राजा रामण्णा केंद्र आहे, आयआयटी आहे. चुंबक कळणारी माणसं शहरात आहेत, त्यांतला एकही माणूस एमआरआयच्या खोलीत पगारावर नाही, एवढंच. किरणोपचाराच्या विभागात भौतिकशास्त्रज्ञ सक्तीने असतो. इथे का नसावा?

ही पडताळणी आत्यावर करून बघ, असं मी त्या तरुण रेडिओलॉजिस्टला म्हटलं. तिला पुन्हा आत घालायला तो कां-कूं करत होता. आत्याच म्हणाली, "घाल बाळा, सुई नाही ना? मग पडते निवांत." बुंध्यातून मिनिटाला ४.१ लिटर रक्त जात होतं. नकाशाची बेरीज आली ६.३. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला, मग स्वतःशीच म्हणाला, दीडपट. पुढच्या रुग्णाला दोन टप्प्यांत इंजेक्शन द्यायचं, आधी अगदी थोडं धमनीच्या लाटेसाठी आणि मग उरलेलं, असं त्याने कागदावर लिहून घेतलं. आत्याच्या रिपोर्टात दोन त्रिकोण आले, त्यांची जागा आली, आकडा आला नाही.

बिलाच्या काउंटरवर मात्र त्या शेवटच्या काही मिनिटांनी अडचण केली. दरपत्रकात तशी ओळच नव्हती. तिथल्या मुलीने तीनदा यादी वर-खाली केली, आतून कुणाला तरी विचारून आली, आणि शेवटी 'इतर' असं टाइप करून पुढे शून्य रुपये लावले.